बारा पोत्यांची तोंडं

आबा, तुम्ही मला विसरला असालच, म्हणून आधी ओळख सांगते. मी तुमची दोन नंबरची लेक. तीच, जिला तुम्ही सोलापूरच्या धान्यबाजारात पोत्यांमागं झोपलेली सोडून, बियाण्याच्या गाड्या जुंपून गावाकडं निघाला होता, आणि अर्ध्या वाटेवर कुणीतरी "पोरगी कुठल्या गाडीत हाय?" म्हणून विचारल्यावर आपल्याला एक लेक असल्याचं तुम्हाला आठवलं होतं. गाड्या तीन होत्या. प्रत्येकाला वाटलं, मी दुसऱ्याच्या गाडीत आहे. जिवंतपणी ही तऱ्हा, आता तर तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. वर गेलेल्यांना विसरायची मुभा असते म्हणतात. तुम्ही ती आधीपासूनच वापरत होता, एवढंच माझं म्हणणं.

अक्षर बघून बिचकू नका. मी अजून तशीच आहे, तुम्ही ठेवली तशी. सहीच्या जागी अंगठा. लिहिते आहे माझी नात, थोरल्या लेकाची लेक. डॉक्टर आहे. डॉक्टरचं अक्षर कुणालाच वाचता येत नाही, आणि तुम्हाला तर कुठलंच वाचता येत नव्हतं, तेव्हा कुणाचं काही अडायचं नाही. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. मी दोनदा टोकलं, तिनं दोनदा मान हलवली. राहू दे. माझ्या तोंडाला तिनं इस्त्री केलीय असं समजा.

आज मला राग आलाय. तसा तो रोज येतो, पण रोजचा राग भाकरी थापताना उतरतो. हा काही उतरेना. म्हणून म्हटलं, ज्याच्यापासून सुरू झाला त्यालाच ऐकवावा. तुम्हाला वाटेल, मी मेल्यावर इतक्या वर्षांनी माझ्यावर कसला राग? सांगते. पण तुमचा नंबर नंतर आहे, आधी दुसऱ्यांचा.

नात जिथं काम शिकते त्या जागेला आयसीयू म्हणतात. माणूस अगदी शेवटच्या पायरीवर आला की त्याला तिथं नेतात, नळ्या लावतात, आणि घरच्यांना बाहेर बाकावर बसवतात. तिथले एक मोठे डॉक्टर आहेत, त्यांच्या हाताखाली ती शिकते. ती त्यांना सर म्हणते, मीही तेच म्हणते. तर गेल्या उन्हाळ्यात ती रात्रपाळी करून सकाळची घरी आली. मी स्वयंपाकघरात खाली बसून सुपात ज्वारी निवडत होते. ती तशीच माझ्यासमोर फरशीवर बसली, मांडीवर लॅपटॉप. चहा दिला, तो निवून त्यावर साय धरली. मी म्हटलं, साय खायला मांजर बोलवू का? हसली नाही. तेव्हाच मला कळलं, काहीतरी मोठं आहे.

"आजी, एक चित्र बघतीस का?"

मी वाचत नाही, पण चित्र बघते की. मधोमध एक उभी रेघ. रेघेच्या आजूबाजूला, एकाखाली एक, बरेच चौकोन. काही मुगाएवढे, काही वाटाण्याएवढे, आणि प्रत्येकातून एक आडवी काडी गेलेली. सगळ्यात खाली एक शंकरपाळी. ती समजावून सांगायला लागली. अंगात जंतू पसरून ज्यांचा रक्तदाब खाली जातो, अशा पेशंटना द्यायचं एक इंजेक्शन आहे. त्यानं माणसं वाचतात का, हे बघायला ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी अभ्यास केलेत. एक चौकोन म्हणजे एक अभ्यास. चौकोन रेघेच्या डावीकडं असला तर इंजेक्शनवाली माणसं जास्त वाचली, उजवीकडं असला तर उलटं झालं, आणि रेघेवर बसला तर काही फरकच नाही. ज्या अभ्यासात माणसं जास्त, त्याचा चौकोन मोठा. काडी जेवढी लांब, तेवढी शंका जास्त. आणि खालची शंकरपाळी म्हणजे या सगळ्यांची मिळून बेरीज. या बेरजेला मेटा-ॲनालिसिस म्हणतात.

"आन् शंकरपाळी कुटं बसलीया?"

"डावीकडं. म्हणजे इंजेक्शन चांगलं. सर म्हणतात, झालं सिद्ध."

मी सुपातला हात काढला आणि बोटानं दाखवलं. "हे दोन मोठे चौकोन तर रेघंवरच बसल्यात की."

"हं."

"आन् ही बारकी पोरं समदी एकाच अंगाला का पळाल्यात? चुकून एकादं तरी दुसऱ्या अंगाला जायला नको व्हय?"

आबा, त्या पोरीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही सूपच बोललं. म्हणाली, "आजी, मी सरांना हेच विचारलं." मग तिनं घोटभर चहा घेतला, सायीसकट, आणि सगळं सांगितलं. बारक्या अभ्यासात नशिबाचा खेळ जास्त, म्हणून बारके चौकोन दोन्ही अंगांना उधळलेले दिसायला हवेत. इथं सगळे एकाच बाजूला, म्हणजे दुसऱ्या बाजूचे कुणाच्या तरी कपाटात पडून असणार. औषधाचा गुण आला नाही, असं छापायला कुणाला हौस असते? बरं, जे छापलेत त्यांचं तरी काय! एकाच दवाखान्यातले तेच पेशंट दोन पेपरांत दोनदा आलेत. कुणाला इंजेक्शन द्यायचं आणि कुणाला नाही, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायला हवं, तर काही ठिकाणी डॉक्टरांनी स्वतःच निवडलंय. जो जरा बरा दिसला त्याला इंजेक्शन. आणि एका अभ्यासात तर पहिल्या दोन दिवसांत जे वारले त्यांना मोजणीतून काढलंय, त्यांचा औषधाचा कोर्स पुरा झाला नाही म्हणून.

"मेला म्हणून मोजला न्हाई?"

"हो."

"मग उरला त्योच मोजायचा असंल तर माझ्या हातचं पाणी बी औषध हाय की."

तेव्हा हसली. पण आबा, मला नाही हसू आलं. मी आपली बोलून गेले आणि मग सुपातल्या ज्वारीत नुसतीच बोटं फिरवत बसले. मेलेला माणूस मोजायचा नाही! त्याच्या घरचे बाकावर बसले नव्हते काय? त्यांनी त्याला मोजला नव्हता काय?

एक सांगायला हवं, नाहीतर ही माझी नात लेखणी खाली ठेवेल. अभ्यास एकत्र करण्यात वाईट काही नाही, म्हणते. एकेकटा अभ्यास बारका असतो, त्यात फसगत होते. चांगले अभ्यास एकत्र केले की जे एकाला दिसत नाही ते सगळ्यांना मिळून दिसतं, आणि तशीही माणसं वाचली आहेत. कबूल. सात घरची ज्वारी एकत्र करायला माझीही ना नाही. पण आधी सात घरची निवडायची का नाही?

तेच काम सरांनी हिला दिलं होतं. प्रत्येक अभ्यास नीट केलाय की कच्चा आहे, हे तपासून त्यापुढं खूण करायची. हिनं केली. बरेच कच्चे निघाले. कच्चे बाजूला ठेवून बेरीज केली तर शंकरपाळी सरकत सरकत रेघेवर येऊन बसली. ती घेऊन ही सरांकडं गेली. सर म्हणाले, "बाकीच्यांनी हे अभ्यास घेतलेत, आपणही घ्यायचे. जेवढे जास्त, तेवढा निकाल पक्का. तू कोण ठरवणार कच्चं-पक्कं? खुणा बदल आणि पेपर पाठवून दे." पेपरावर सरांचं नाव पहिलं, हिचं दुसरं, आणि दोघांच्याही सह्या लागणार. पेपर छापून आला की त्याचा कागद वॉर्डच्या भिंतीवर लागणार: असा पेशंट आला की हे इंजेक्शन द्यायचंच. आणि हिचा स्वतःचा प्रबंध, तो वेगळ्या विषयावरचा, तयार होऊन सरांच्याच टेबलावर पडलेला. त्यावर सरांची सही झाली तर परीक्षेला बसायचं, नाहीतर नाही.

"काय करू, आजी?"

मी काय म्हणाले ते सांगायच्या आधी तुमच्या जावयाचं सांगते. तुम्हाला ते आवडायचे, माझ्यापेक्षा जास्त, म्हणून ऐका.

तुमचे जावई शेवटी अशाच एका आयसीयूत होते. ही नात तेव्हा शाळेत होती. आम्ही बाहेर बाकावर, मी आणि थोरला. एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, एक इंजेक्शन आहे, आमच्याकडं संपलंय, बाहेरून आणा. थोरल्यानं विचारलं, नक्की फरक पडेल ना? तो म्हणाला, "जगभरातले अभ्यास एकत्र करून सिद्ध झालंय." झालं. असं म्हटल्यावर कुठला लेक बसून राहील? थोरला गाडी काढून पळाला. सात रस्ता चौकातल्या औषधाच्या दुकानात नाही, पुढच्यात नाही, तिथून तिसरीकडं. दुपारची वेळ, रस्ते तापलेले. इकडं मला आत बोलावलं. तोंडात नळी, बोलता येत नव्हतं. ते माझ्या मागं दाराकडं बघत होते. मी ओळखलं नसेल काय, कुणाला शोधतायत ते? म्हटलं, "येतोय की, औषध आणाय गेलाय." त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा दाराकडं. असं तीनदा. चौथ्यांदा उघडले नाहीत. थोरला आला तेव्हा त्याच्या हातात बर्फाची पिशवी होती, त्यात ती डबी. पिशवीतून पाणी गळत होतं फरशीवर. अजून मला ते ठिबकणं दिसतं.

ते इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं तर ते वाचले असते का? मी नातीला विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही आजी, आणि त्या दिवशी त्या डॉक्टरलाही माहीत नव्हतं. बघा! माहीत नव्हतं. मग तसं म्हणायला जीभ झिजते काय? "देऊन बघावं वाटतं, पण नक्की सांगता येत नाही," एवढं जर तो म्हणाला असता, तर मी थोरल्याला हाताला धरून बापाजवळ बसवलं असतं आणि म्हटलं असतं, औषध राहू दे, तू ऱ्हा. त्या एका 'सिद्ध'नं माझ्या लेकाला शेवटच्या घडीला उन्हात पळवलं. माझा राग औषधावर नाही. औषध बिचारं डबीत होतं.

आता एवढं सगळं अंगावरून गेलेल्या बाईनं नातीला काय सांगायला हवं होतं? मी सांगितलं, "सही कर आन् गप ऱ्हा. मोठ्या मानसाच्या तोंडी लागू नगंस. आधी तुजी परीक्षा हुंदे."

तिनं लॅपटॉप मिटला. हळू मिटला, आबा, आपटला नाही. म्हणाली, "तू पण?" ती दुपारी न जेवता गेली आणि आठवडाभर हॉस्टेलवर राहून मग घरी परतली. भाकरी दोन राहिल्या, त्या मी कडक करून ठेवल्या.

आणि आता तुमचा नंबर. कारण ते वाक्य माझं नव्हतं, तुमचं होतं. शब्द न् शब्द.

आदल्या साली पावसानं दगा दिलेला, घरोघरचं राखून ठेवलेलं बी खाण्यात गेलं होतं. गावानं मिळून ज्वारीचं बी आणायचं ठरवलं. आणणार कोण? तुम्ही. तुम्ही दोन-तीन वर्षं सोलापूरच्या बाजारात तोलाराचं काम केलेलं, आणि गावात परखी असलेला माणूस एकच. ती पोकळ, टोकदार, लोखंडी परखी तुम्ही कमरेला तलवारीसारखी खोचायचा. पोत्यात खुपसली की तिच्या पन्हाळीतून मूठभर दाणे बाहेर. मी तुमच्या मागं लागून गाडीत बसले, शहर बघायला. त्या व्यापाऱ्याच्या वखारीत बारा पोती उभी होती. तुम्ही एकेका पोत्याच्या तोंडाशी परखी खुपसत गेलात, दाणे तळहातावर घेतलेत, एक चावून बघितलात, मान हलवलीत. बाराही वेळा. गावची माणसं तुमच्या मानेकडं बघत होती, दाण्यांकडं कुणी बघत नव्हतं. मग पोती गाड्यांवर चढली, तुम्ही निघालात, आणि मी मागच्या थप्पीमागं झोपलेली तिथंच.

जाग आली तर वखारीत दुसऱ्या गिऱ्हाइकाची पोती भरणं चाललं होतं. दोघंजण भरत होते. खाली एका ढिगातली, वर दुसऱ्या ढिगातली. खालच्या ढिगातली ज्वारी मातकट होती, भिजून वाळवल्यासारखी, तिला गोधडीचा वास येत होता. वरची मोत्यासारखी. मी पोत्याएवढीच होते, त्यांनी मला माणसात धरलंच नाही. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "वितीभर चांगली टाक, परखी त्याच्याखाली कुटं जाती?"

दिवस कलताना तुम्ही मला न्यायला आलात. रागावलेले, कारण विसरणारा माणूस आधी रागावतो. मी गाडीत बसल्या बसल्या सांगितलं, "आबा, पोत्यात खाली खराब हाय."

"गप. मी बाराच्या बारा बघितल्यात."

"कुटं बघितल्यात? तोंडालाच बघितल्यात की!"

तुमचा हात चालला. कान लाल झाला माझा. मग म्हणालात, "मोठ्या मानसाच्या तोंडी लागू नगंस. गप ऱ्हा." आणि वर, "एकदा चूक हुईल, बारा येळा व्हती का?"

व्हती, आबा. बारा वेळा एकाच जागी बघितलं तर बारा वेळा तीच होते. नात म्हणते, हेच तर सरांना समजेना: सगळे अभ्यास एकाच अंगाला चुकलेले असले तर ते एकत्र करून चूक जात नाही, उलट तिला जोर येतो, ती छाती काढून उभी राहते. मी म्हटलं, हे मला नको सांगू, मी त्या पोत्यामागं झोपले होते.

गावात बी वाटलं. एकदोघांना खालच्या ज्वारीचा वास आला, पण आबांनी पारखलंय म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवला नाही. पेरणी झाली. ज्यांच्या वाट्याला वरचं बी आलं त्यांचं रान हिरवं, बाकीच्यांची रानं टक्कल पडल्यासारखी. त्या साली कडबा नाही. लोकांनी जनावरं नदीकाठच्या पाहुण्यांकडं धाडली. आमची कपिला गेली ती परत आली नाही. तुम्हाला कुणी शिवी दिली नाही. तेच तुम्हाला लागलं, मला माहीत आहे. पारावर तुम्ही आलात की माणसं सरकून जागा द्यायची, आणि गप्प व्हायची. त्यानंतर तुम्ही परखी माळ्यावर टाकलीत आणि कुणी धान्य दाखवायला आणलं तर म्हणायचात, "पोतं उलटं कर, मग सांगतो." शिकलात तुम्ही. मान्य. पण माझ्या लाल कानाला तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत. "पोरी, तू म्हणत हुतीस ते खरं" एवढे पाच-सहा शब्द. माझ्या लग्नापर्यंत वाट बघितली मी. मग तुमच्या मरणापर्यंत.

लग्नानंतर दर सालच्या सुगीला तुम्ही सोलापूरला माझ्या सासरी ज्वारीचं पोतं धाडायचात, गावाकडून येणाऱ्या वळसंगच्या एसटीच्या टपावरून. पहिल्या साली मी पोत्याचं तोंड सोडलं तर वर बारका, फुटका दाणा. मी तुमच्या जावयाला म्हटलं, बघा माझ्या बापाची माया! त्यांनी पोतं डब्यात ओतलं. खालून जी ज्वारी आली, आबा, तसा दाणा मी पुन्हा बघितला नाही. टपोरा, पिवळसर, हाताला गार. दुसऱ्या साली तसंच. तिसऱ्या साली तसंच. वर टाकाऊ वितीभर, खाली मोती. तेव्हा मला वाटलं, म्हातारा विसरला असेल, उलटं भरलं असेल. विसरभोळा माणूस. किती सालं गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, ते सांगत नाही, तुम्ही हसाल. पण तुम्ही तोंडानं का नाही म्हणालात? मी काय पोतं आहे, उलटं करून बघायला?

आता पुढचं.

नातीनं सही केली नाही. सरांना सांगितलं, खुणा बदलायच्या असतील तर माझं नाव काढा. त्यांनी काढलं. पेपर गेला, हिच्या नावाशिवाय. प्रबंध टेबलावरच राहिला, शेवटची तारीख निघून गेली, परीक्षा हुकली. आता दुसऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली सहा महिन्यांनी बसणार आहे. मोठा गुन्हा काय केला पोरीनं? 'माहीत नाही'ला 'माहीत नाही' म्हणाली! चोर वखारीत, आणि मार पोरीला. तेव्हापासून आजवर एवढी विमानं उडायला लागली, पण हे काही बदललं नाही. एक मात्र झालं. वॉर्डच्या बैठकीत तो कागद भिंतीवर लावायचा विषय निघाला, तेव्हा हिनं उभं राहून ते चित्र दाखवलं, आधी कच्च्या अभ्यासांसकट, मग कच्चे काढून. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण दोघा डॉक्टरांनी ते अभ्यास वाचायला मागितले, आणि कागद अजून लागलेला नाही.

हे झालं सगळ्यांना माहीत असलेलं. आता राहिलं ते डब्याचं.

सही नाकारल्यावर तिसऱ्या दिवशी सरांनी हिला बोलावून म्हटलं होतं, "तुझ्या घरून डबा आलाय. शेंगाचटणी फार सुंदर. 'पोर लहान आहे, सांभाळून घ्या' असा निरोप पण आलाय. घरच्यांना कळतं, तुला कधी कळणार?" बाकीची पोरं समोर उभी होती. हिला वाटलं, हे बापाचं काम. थोरलाही म्हणतच होता ना, सही कर म्हणून. तो म्हणाला, मी नाही पाठवला. हिनं विश्वास ठेवला नाही. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद आहे. तीन महिने झाले. तो आपल्या झेरॉक्सच्या दुकानातून येतो, ही वर निघून जाते. ज्यानं बर्फाची पिशवी धरून बापाला गमावलं, तो आता लेकीच्या खोलीच्या दाराकडं बघत जेवतो. मी वाढते. मला दिसतं.

लिही बाई, थांबू नको.

आबा, तो डबा मी पाठवला होता. उखळात स्वतः कुटली होती चटणी, तेल सुटेपर्यंत. शेजारच्या रिक्षावाल्याजवळ दिला, निरोप पण मीच सांगितला. थोरल्याला पत्ता नव्हता. मला वाटलं, माणसाचं पोट खूश तर प्रबंधावर सही होईल. आपल्यात तसंच करतात. कुणाशी वाकडं आलं की आधी डबा जातो. माझी पोर खरं बोलली म्हणून मी तिच्या वतीनं माफी मागून आले, चटणीत घालून. आणि तीन महिने तुमच्यासारखी गप्प बसले. रोज तिच्या ताटात जास्तीचं तूप घालत होते. तिनं ओळखलं नाही. कशी ओळखणार? ती काय ताट उलटं करून बघते?

लेखणी थांबलीय. हे तिनं लिहिलं का नाही, मला कळायचं नाही. मला वाचता येत नाही. विचारलं, तर "लिहिलं" म्हणाली. मग उठून बाहेर गेली.

आता परत येऊन बसलीय. लिही म्हणते मी, काय झालं ते पण लिही. बाहेर जाऊन तिनं फोन लावला. काय बोलली ते माझ्या कानाला लागलं नाही, पण 'पप्पा' एवढं लागलं. माझ्याशी मात्र बोलत नाही. तोंड फुगवून "पुढं?" एवढंच म्हणते. फुगू दे. माझा कान लाल झाला होता, तिचं तोंड झालंय. मी निदान वाट बघायला नाही लावली मरणापर्यंत.

पोरी, तू म्हणत हुतीस ते खरं. हे असंच लिही, इस्त्री न करता. तुमी सांगितलं न्हाई, आबा, म्हणून मी सांगते. मोजून घ्या, किती शब्द लागले ते.

पाकीट आणू का, विचारते ही. कशाला? तुम्ही पत्ता ठेवून गेला असता तरी विसरून दुसऱ्याच गावी राहायला गेला असता. ज्वारीच्या डब्यात घडी करून ठेवते हे, तळाला नाही, वरच.

आणि तिथून काही पाठवायचंच असेल तर हुरडा पाठवा, कोवळा, गुळभेंडी ज्वारीचा, माझे दात आता तेवढंच ऐकतात. आणि या खेपेला चांगला दाणा वर भरा, पिशवी उघडल्या उघडल्या दिसेल असा.